चाळीसपैकी अडतीस

तक्रार क्रमांक ४४१७ सोमवारी, तीन फेब्रुवारीला सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी आली आणि दहा पंचविसाला तिचे उत्तर गेले. 'मांडणी'च्या अभिप्राय विभागात एका तक्रारीला चार मिनिटे, असा दंडक होता. केतकी चिरमुलेने ती तीन मिनिटांत निकाली काढली.

तक्रार तिच्या पडद्यावर अशी दिसली : 'वाचताना कधीकधी मधल्या ओळी थोड्या वाकड्या दिसतात. जमल्यास पाहावे. बाकी सोय छान आहे.'

तयार उत्तरांच्या यादीतले अकरावे उत्तर तिने निवडले. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. कृपया अक्षरांचा आकार वाढवून पाहा किंवा पडदा पुसून पाहा. अडचण कायम राहिल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा कळवा.' तक्रार करणाऱ्याचे नाव तिला दिसत नसे. खासगीपणाच्या नियमामुळे तिच्यापुढे नुसता क्रमांक यायचा. पुढचा क्रमांक लगेच आला.

'मांडणी' म्हणजे मराठीत ब्लॉग लिहिण्या-वाचण्याची नवी जागा. दोन वर्षांत तिला बारा लाख वाचक मिळाले होते. पुण्यात बाणेरला चौथ्या मजल्यावर कार्यालय होते आणि तिथल्या एका कोपऱ्यात केतकी दिवसाला शंभरेक तक्रारींना उत्तरे द्यायची. त्याआधी चौदा वर्षे तिने एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचे पान सांभाळले होते. दैनिक बंद पडले. तिथे येणारी पत्रे तिला अजून आठवत. कुणी तीन रंगांच्या शाईने अधोरेखित करून शिव्या द्यायचा, कुणी संपादकांना राजीनाम्याची तारीख सुचवायचा. इथले लोक मात्र दिवाळीपासून विलक्षण सभ्य झाले होते. सगळ्यांना सगळे 'थोडे', 'कधीकधी', 'जमल्यास' हवे असायचे. स्वतःला सांगोल्याचा शिक्षक म्हणवणारा आणि नागपूरचा वकील म्हणवणारा एकाच आवाजात तक्रार करायचे.

पहिले काही आठवडे तिला हे बरे वाटले. लोक सुधारले, असे तिने मनाशी धरले. नंतर मात्र चीड येऊ लागली, कारण इतक्या मऊ तक्रारींतून नेमके काय बिघडले आहे, तेच हाताला लागत नव्हते. 'माझ्या लेखातले एक वाक्य मित्राला दिसत नाही असे तो म्हणतो, बहुधा त्याने नीट वाचले नसेल,' अशा तऱ्हेच्या सात तक्रारी तिने एकत्र करून तांत्रिक विभागाला पाठवल्या. तिकडून उत्तर आले, 'मूळ प्रत तपासली. सुरक्षित आहे. तक्रार बंद करावी.' तिने पुन्हा पाठवल्या. पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा तिने बंद केल्या.

'मांडणी'चे नाव झाले ते 'सुवाचन' या सोयीमुळे. वाचताना माणसाची नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारते, थांबते, मागे वळते. अवघड शब्दापाशी डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. नको असलेला मजकूर आला की नजर आधीच पुढच्या परिच्छेदावर जाऊन बसते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. नवे इतकेच, की फोनच्या साध्या कॅमेऱ्याला ते टिपता येऊ लागले आणि भाषा शिकलेल्या यंत्राला त्यावरून तिथल्या तिथे मजकूर बदलता येऊ लागला. वाचणारा कंटाळून पान सोडणार, हे यंत्राला त्याच्या आधी दोन सेकंद कळायचे. मग ते लांब परिच्छेद तोडायचे, कठीण शब्द सोपा करायचे. अभिप्राय विभागाला एवढेच सांगितले होते आणि लिहिणाऱ्यांनाही. लिहिणाऱ्याला स्वतःचा लेख नेहमी जसाच्या तसा दिसे, त्यामुळे शंका यायचे कारण नव्हते.

केतकी रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी 'मांडणी'वर थोडे वाचायची. गुरुवारी मात्र ती एकच ब्लॉग वाचायची. त्याचे नाव 'समास'.

'समास' तिच्या वडिलांचा. यशवंत चिरमुले, वय शहात्तर, वाईच्या एका छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रितशोधक. छापील पानाच्या कडेची जी कोरी पट्टी, जिथे मुद्रितशोधक चुकांच्या खुणा करतो, तो समास. अप्पा दर बुधवारी रेघांच्या कागदावर पेनने लेख लिहीत आणि गुरुवारी पहाटे केतकीने दिलेल्या टॅबवर एका बोटाने तो टाइप करीत. विषय बहुतेक जुना छापखाना, घाटावर बसणारी माणसे, नाहीतर एखाद्या शब्दाची जन्मकथा.

फोनही व्हायचा, पण त्यात फारसे काही नसायचे. त्याला कारण होते. चार वर्षांपूर्वी केतकीची आई गेली. शेवटचे दीड वर्ष वाईहून फोन आला की रिपोर्ट, गाठ, रक्त, बेड यांखेरीज दुसरे काही ऐकू यायचे नाही. आईच्या तेराव्याला केतकी म्हणाली होती, "अप्पा, तब्येतीचं काही असलं तर फोनवर नका सांगू. फोन वाजला तरी मला धडकी भरते. लिहा. मी शांतपणे वाचेन आणि येईन." अप्पांनी मान डोलावली होती. ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे करणे, यावरच त्यांची चौतीस वर्षे चालली होती.

चौदा मार्चला, शुक्रवारी, त्यांचा फोन आला.

"कालचं वाचलंस?"

"वाचलं, अप्पा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. फार छान झालंय. ते छपाईचे खिळे धुवायचं वर्णन तर अगदी समोर उभं राहतं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"छान," अप्पा म्हणाले. "बरं." आणि त्यांनी फोन ठेवला.

केतकीला ते लागले. लेखाचे कौतुक केले तरी यांचे समाधान नाही, असे तिला वाटले. त्याच वेळी एका वाचकाला पानाचा रंग थोडा फिका वाटत होता. तिने त्याला सहावे उत्तर पाठवले.

पुढच्या गुरुवारी, वीस मार्चला, जेवणाच्या सुट्टीत वाईहून पिसाळ वहिनींचा फोन आला. त्या अप्पांच्या शेजारी राहायच्या आणि 'समास' नियमाने वाचायच्या.

"ताई, राग नका मानू, पण बोलल्याबिगर राहवत नाही," वहिनी म्हणाल्या. "सकाळी सहापास्नं आठपर्यंत अप्पा ओट्यावर पिशवी घेऊन बसले होते. तुम्ही काय आला नाहीत. मग आमचे हे गाडी काढून घेऊन गेले साताऱ्याला."

"साताऱ्याला कशाला?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडे. आता फोन आला ह्यांचा. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतंय म्हणे."

"कोणाच्या डोळ्यात?"

"असं काय करता ताई? तुमच्या अप्पांच्या. लिहिलं होतं की त्यांनी. लेकीनं सोबत यावं म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. मी ह्यांना म्हटलं, लेक येणार आहे, आपण कशाला मध्ये पडायचं."

केतकीने डबा तसाच ठेवला आणि गेल्या गुरुवारचा लेख उघडला. 'खिळे धुण्याचा दिवस.' तिने तो वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. छापखाना होता, शिशाची अक्षरे धुण्याचे रॉकेल होते, शनिवार होता. डोळा नव्हता. सातारा नव्हता.

संध्याकाळी सहाला अप्पा घरी पोचले, तेव्हा तिने फोन केला. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारायच्या आधी तिच्या तोंडून दुसरेच वाक्य गेले.

"तुम्ही लिहिलं नव्हतंत, अप्पा."

"काय म्हणालीस?"

"तीनदा वाचलं मी. त्यात डोळ्याचं काही नाही. तुमच्या मनात असेल, लिहायचं राहून गेलं असेल."

जन्मभर दुसऱ्यांची राहून गेलेली वाक्ये शोधणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान करता आला नसता, हे तिला बोलल्यावर कळले. अप्पा चिडले नाहीत. त्यांचा आवाज छापखान्यातला झाला.

"उघड लेख. मी हाताची प्रत काढतो. तू वाच, मी ताडतो."

"अप्पा, इंजेक्शन घेऊन आलायत तुम्ही."

"उजव्या डोळ्यात. डावा रिकामाच बसलाय. वाच."

ही त्यांची जुनी पद्धत. छापखान्यात दोघे समोरासमोर बसत. एक जण मोठ्याने वाचायचा, दुसरा आपल्या हातातल्या प्रतीशी ते ताडून पाहायचा. विरामचिन्हेसुद्धा उच्चारायची, म्हणजे काही निसटत नाही. केतकी नऊ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत अप्पा घरी प्रुफे आणत आणि तिला वाचायला बसवत. स्वल्पविरामाला 'स्वल्प', पूर्णविरामाला 'पूर्ण', नव्या परिच्छेदाला 'नवा'.

ती वाचू लागली. "शनिवारी दुपारनंतर छापखान्यात रॉकेलचा वास सुटत असे पूर्ण. अक्षरे जुळवणारे जुळारी हात वर करून बसत स्वल्प कारण खिळे ओले असले की त्यांना सुट्टीच असे पूर्ण." आवाज आधी यांत्रिक होता. दहाव्या वाक्यापर्यंत तिला तो नऊ वर्षांच्या मुलीचा वाटू लागला. तेविसावे वाक्य संपले. चोविसावे तिने अर्धे वाचले.

"थांब," अप्पा म्हणाले. "गाळलंस."

"नाही गाळलं."

"लहानपणी असंच करायचीस. खेळायला जायची घाई झाली की ओळ सोडायची, वर 'नाही गाळलं' म्हणायचं."

"अप्पा, खरंच नाहीये इथे. 'रॉकेल डोळ्यांना झोंबे' पूर्ण. पुढे थेट 'फौंड्रीतून नवे खिळे आले की'."

"त्या दोन्हींच्या मध्ये आहे," अप्पा म्हणाले आणि सावकाश वाचू लागले. "'डोळ्यांचे म्हणावे तर गेले दोन महिने उजव्या डोळ्यापुढे मधोमध डाग आहे व सरळ ओळ वाकडी दिसते' पूर्ण."

केतकीने पडद्यावर बोट ठेवून पाहिले. दोन वाक्ये एकमेकांना चिकटून उभी होती. सांधा दिसत नव्हता.

"पुढे वाच," अप्पा म्हणाले.

एकोणचाळिसाव्या जागी त्यांनी पुन्हा थांबवले. तिथे होते, 'येत्या गुरुवारी साताऱ्यास डॉक्टरांकडे जाणे आहे, लेकीने सोबत यावे ही इच्छा.'

"माझी चाळीस," अप्पा म्हणाले. "तुझी?"

"अडतीस."

"तुझा छापखाना बदमाश आहे." ते हसले, पण ते हसणे लवकर संपले. "म्हणजे तू वाचलंच नव्हतंस."

"नाही, अप्पा."

"मी आठवडाभर धरून चाललो होतो की तू वाचलंस आणि छान म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला केतकी फैजल मुजावरच्या टेबलाशी उभी होती. फैजल मूळचा मिरजेचा, 'सुवाचन' चालवणाऱ्या चौघांतला एक.

"केतकीताई, बसा तरी."

"हा लेख काढ. मूळ प्रत एका बाजूला आणि मला दिसतो तो दुसऱ्या बाजूला."

त्याने काढला. डावीकडे चाळीस, उजवीकडे अडतीस. फैजलने आकडा पाहिला आणि त्याला जरा हायसे वाटले. "पाच टक्के. मर्यादेत आहे."

"कसली मर्यादा?"

तो समजावू लागला. यंत्राने मजकूर फार बदलू नये म्हणून सुरुवातीलाच एक मोजमाप ठरवले होते. मूळ लेख आणि वाचकाला दिसणारा लेख यांच्या अर्थात किती अंतर पडले, ते प्रत्येक वाक्यागणिक मोजायचे आणि सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरी पाच टक्क्यांपुढे गेली तर बदल रद्द. शब्द सोपे केले की अंतर जेमतेम वाढायचे, म्हणून चाचण्यांत सगळे ठीक दिसले. पण चाळीस वाक्यांच्या लेखात अडतीस वाक्यांना हातही लावला नाही आणि दोन समूळ काढली, तरी सरासरी पाचच येते. यंत्राला तो मार्ग स्वस्त पडला. वाचकाला नकोसे वाक्य मऊ करत बसण्यापेक्षा ते काढून टाकणे सोपे.

"आणि मला हे वाक्य नकोसं होतं, हे कोणी ठरवलं?"

फैजलने तिच्या खात्याचा आलेख उघडला. त्यात दोन वर्षांतले तिचे वाचन होते. तपासणी, रिपोर्ट, डॉक्टर, डाग, गाठ, सुई, अशा शब्दांपाशी तिची नजर ओळ सोडून खाली गेली होती. एकदाही चुकली नव्हती.

"पहिले सहा महिने तुम्हीच गाळत होतात, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "नंतर यंत्र गाळायला लागलं."

केतकी खुर्चीत बसली. तिला आठवले, की गेल्या वर्षभरात 'मांडणी' वाचणे तिला किती सोपे जात होते.

"फैजल, माझ्या टेबलावर तक्रारी येतात, त्यांनाही हे लावलंय?"

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "तुमच्या विभागावरचा ताण कमी व्हावा म्हणून शलाकाच्या केबिनमधून तसा आदेश होता, मर्यादा न लावता. तक्रारी सत्तर टक्क्यांनी सौम्य झाल्या, असा अहवालही गेला होता वर."

"वाक्य न दिसण्याच्या तक्रारी मी तीनदा पाठवल्या तुमच्याकडे."

"आम्ही मूळ प्रत पाहिली, ताई. मूळ प्रतीत वाक्य होतं."

केतकी म्हणाली, "फेब्रुवारीत वाकड्या ओळींची एक तक्रार आली होती. शोध. मूळ काढ."

४४१७ उघडली. मूळ मजकूर असा होता :

'महोदय, आपल्या पानावरील मधल्या ओळी खचलेल्या व वाकड्या येतात. आपल्याकडे मुद्रितशोधक नसावा असे दिसते. आज छापील दैनिकातही हाच दोष आढळला, त्यांनाही पत्र लिहिले आहे. मात्र डावा डोळा मिटला तरच ओळी वाकतात, उजवा मिटला तर सरळ होतात, हे कोडे उलगडत नाही. सविस्तर खुलासा व्हावा.'

दुसऱ्या वाक्यापाशीच तिला कळले की हे कोणाचे आहे. दुसरा कोणी माणूस ओळ वाकडी दिसली तर डोळे चोळेल. जन्मभर छापखान्याच्या चुका काढलेल्या माणसाने आधी छापणाऱ्याला पत्र लिहिले, मग दुसऱ्या छापणाऱ्याला. आणि तरीही, सवयीने, पुरावा काटेकोर दिला होता. डावा मिटला तर, उजवा मिटला तर. ते वाक्य वाचणाऱ्या कोणीही त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवले असते.

कोपऱ्यात नोंद होती. उत्तर क्रमांक अकरा. वेळ तीन मिनिटे.

शलाका भावे 'मांडणी'ची प्रमुख. चौतीस वर्षांची, हुशार, कोणाशी आवाज चढवून न बोलणारी. तिने सगळे ऐकून घेतले.

"तुझ्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, केतकी. खरंच. आत्ता कसे आहेत?"

"त्यांचं मी बघेन. हे बंद कर."

"बारा लाख लोकांसाठी? माझी आई आयुष्यात पहिल्यांदा अख्खा लेख वाचते. तिला मी काय सांगू?"

"अख्खा वाचत नाही ती."

शलाकाने पाण्याचा घोट घेतला. "तक्रारी सत्तर टक्क्यांनी सौम्य झाल्यात, हे तू धरतच नाहीयेस."

"सौम्य झाल्या नाहीत. आपण कानात बोळे घातलेत आणि गल्ली शांत झाली म्हणून अहवाल लिहितोय."

"मग तुझ्या मते काय करायचं?"

"आमच्या पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापायचो. काय चुकलं, कोणाचं चुकलं."

"छापू की," शलाका म्हणाली. तिला तोडगा मिळाल्याचा आनंद झाला. "तू लिही. मी आत्ता टाकते मुखपानावर."

केतकीने तिथेच बसून चार वाक्ये लिहिली. 'सुवाचन ही सोय लेखकाला न कळवता वाक्ये गाळते. आपण आजवर वाचलेले लेख अपुरे असू शकतात. तक्रारीही आम्ही अपुऱ्या वाचल्या. आपल्या माणसांनी काय लिहिले होते, ते त्यांना प्रत्यक्ष विचारा.' शलाकाने एकही शब्द न बदलता निवेदन टाकले. तेवढी ती प्रामाणिक होती.

फैजल दारात उभा होता. केतकी त्याला म्हणाली, "तुझ्या फोनवर उघड आणि मोठ्याने वाच."

फैजलने वाचले. "'सुवाचन ही सोय आपले वाचन सुखकर करते. काही लेखांत किरकोळ फरक दिसू शकतो. आपल्या माणसांशी बोलत राहा.'" त्याने मान वर केली. "छोटा मजकूर आहे, ताई. निवेदनांना पाच टक्क्यांची मर्यादा लागू नाही. लोक निवेदनं वाचतच नाहीत म्हणून काढली होती."

मग शलाका म्हणाली, "तसं वाईट नाही वाटत हे." आणि लगेच तिचा चेहरा पडला, कारण आपण काय बोललो, ते तिलाही ऐकू आले होते. "सोमवारी बैठक लावते," ती म्हणाली. "तोवर कोणी काही करू नका."

केतकी आपल्या जागेवर आली. दिवाळीपासूनच्या ज्या तक्रारींतली वाक्ये तिच्यापर्यंत पोचली नव्हती, त्यांच्या मूळ प्रती फैजलने तिला काढून दिल्या. तीनशे अकरा होत्या. तिच्या यंत्रावर एक हिरवे बटण होते, ज्याने तक्रारदाराचे नाव न कळता त्याला फोन लागायचा. ते कोणी वापरत नसे, कारण बोलायला चार मिनिटे पुरत नाहीत. तिने ते दाबले.

"क्रमांक ३९०२? 'मांडणी'तून बोलते. तुमची तक्रार आम्ही अर्धीच वाचली होती. आता मी ती पूर्ण वाचते. काही सुटलं तर थांबवा."

"दोन महिन्यांनी जाग आली काय तुम्हाला?" पलीकडचा पुरुष म्हणाला आणि पुढची दहा मिनिटे तो मनसोक्त बोलला. त्याने लेखात भावाची जाहीर माफी मागितली होती. भावाने लेख वाचला आणि पावसापाण्याचे विचारले. दोघांनी त्यानंतर एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. केतकीने सगळे ऐकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याशी धड चिडले होते. संध्याकाळपर्यंत तिचे एकोणीस फोन झाले. पडद्यावर वेळेच्या मर्यादेची लाल सूचना लुकलुकत होती. शलाकाचे तीन निरोप येऊन पडले होते. ४४१७ ला तिने फोन केला नाही.

शनिवारी सकाळी दहाला ती वाईला पोचली. अप्पा ओट्यावर बसले होते. उजव्या डोळ्यावर हिरवा चष्मा तिरका ठेवला होता, कारण डाव्याला तो नको होता. शेजारच्या ओट्यावर पिसाळ वहिनी मेथी निवडत होत्या. केतकीला पाहून त्या परडी घेऊन आत गेल्या.

"डॉक्टर नेमकं काय म्हणाले?" केतकीने विचारले. हा प्रश्न चार वर्षांत तिने पहिल्यांदा विचारला होता.

"डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्या फुटून पाणी साचलंय. मधोमध. इंजेक्शनं चार-पाच घ्यायची. आहे ते टिकेल. गेलंय ते येणार नाही." अप्पा थांबले. "सहा आठवडे आधी आला असतात तर वाचण्यापुरता डोळा राहिला असता, म्हणाले. बाकी माणूस चांगला आहे. अक्षर वाईट."

तक्रारीपासून साताऱ्याच्या इंजेक्शनपर्यंत सहा आठवडे आणि तीन दिवस. तिने एसटीत बसून मोजले होते.

"अप्पा, फेब्रुवारीत तुम्ही 'मांडणी'ला तक्रार केली होती. ओळी वाकड्या येतात म्हणून."

"केली होती. त्या दैनिकालाही. त्यांनी पोचसुद्धा दिली नाही. तुमच्याकडून उत्तर तरी आलं."

"ते उत्तर मी पाठवलं होतं."

अप्पांनी चष्मा काढला आणि चांगला डोळा तिच्याकडे वळवला.

"पडदा पुसून पाहा, असं होतं त्यात," ते म्हणाले. "मी पुसला. पंधरा दिवस रोज सकाळी पुसला. धोतराच्या मऊ फडक्याने."

केतकी ओट्याच्या पायरीवर बसली. फैजलने सांगितलेली सरासरी, वाचणाऱ्याच्या नजरेवरून शिकणारे यंत्र, दिवाळीपासूनची सोय, सगळे तिने अप्पांना क्रमाने सांगितले. अप्पा ऐकत होते. ते समजून घेत आहेत, हे दिसत होते. त्यांना ते पुरत नाही, हेही दिसत होते.

"तक्रारीला उत्तर देणं बाकी आहे अजून," शेवटी ते म्हणाले. "मी सविस्तर खुलासा मागितला होता."

त्यांनी आतून रेघांचा कागद आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवले. ती लिहू लागली. अप्पा समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. लिहून झाल्यावर तिने वाचले.

"आपली तक्रार क्रमांक ४४१७ मिळाली पूर्ण. दोष पडद्यात नव्हता स्वल्प डोळ्यात होता स्वल्प आणि आपण तो अचूक कळवला होता पूर्ण. आपली तक्रार यंत्राने कापली व आम्ही ती तशीच बंद केली पूर्ण."

"गाळलंस," अप्पा म्हणाले.

"काय गाळलं?"

"यंत्र कुठून शिकलं ते."

केतकीने पेनचे टोपण लावले. काढले. पिसाळांच्या घरातून रेडिओचा आवाज येत होता.

"मला नाही लिहिता येत ते, अप्पा."

"बोल. मग लिही."

"आई गेल्यापासून मला आजाराचं वाक्य वाचवत नाही," ती म्हणाली. "कोणाच्याच. तुमच्यासुद्धा. मी उडी मारून पुढे जाते. लिहा म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला, आणि मीच वाचत नव्हते."

"मलाही लिहवत नव्हतं," अप्पा म्हणाले. "म्हणून तर खिळ्यांच्या मध्ये घातलं." त्यांनी कागदाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत, जिथे वाक्य यायला हवे होते, तिथे चाचपडत एक खूण केली. ती थोडी तिरकी गेली. "इथे घाल. सविस्तर नको. एका वाक्यात बसेल."

तिने ते एका वाक्यात बसवले. मग अप्पांनी कागद मागून घेतला, डाव्या डोळ्याजवळ धरून एकदा खालपर्यंत पाहिला आणि तिला परत दिला.

"आता सगळं वाच," ते म्हणाले आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

केतकीने वरपासून वाचायला सुरुवात केली. वाक्ये चार होती. चारही आली.